चौदा बिया

माझ्या आईने त्या दुपारी चौदा बिया खाल्ल्या. आठ तिच्या ताटातल्या, सहा माझ्या. हा आकडा मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितला. त्याआधी एकदा खोटा सांगितला होता. दोन्हींच्या मध्ये सुमारे वीस मिनिटं गेली. हे लिहितो आहे ते त्या वीस मिनिटांसाठी.

आम्ही ब्रह्मदेशात होतो. नांदेड, लातूर आणि हिमायतनगरकडच्या पस्तीस जणांची यात्रा होती. बहुतेक बौद्ध कुटुंबांतले होते: निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, एसटीतले लोक आणि त्यांच्या बायका. उमरीच्या एका निवृत्त गुरुजींनी सगळी जमवाजमव केली होती. मी तेव्हा नांदेडच्या एका दैनिकात लातूरचं पान बघत असे. आई लातूरला एकटी राहायची. वडील गेल्यापासून तिला एकदा तरी बुद्धाला मानणारा एखादा देश बघायचा होता. ती एकटी जाणार नाही म्हणून मी सोबत निघालो.

तिचा हा पहिलाच पासपोर्ट. अर्जात जन्मगावाचा जिल्हा लिहिताना ती अडली. तिचा जन्म झाला तेव्हा गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. ती लग्न होऊन लातूरला आली, त्यानंतर लातूर हाच नवा जिल्हा झाला आणि गाव बसल्या जागी इकडे आलं. वडील त्या नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई म्हणून लागले होते. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "बाई, नेमका कोणता जिल्हा?" आई म्हणाली, "मी काय हालले न्हाई साहेब, जिल्हाच हालला. तुमाला पटल तो लिवा."

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येत नव्हतं. पुढे उन्हाळ्यात ते रेल्वेने आणावं लागलं. नांदेडला विष्णुपुरी धरणात गाळ उघडा पडत चालला होता. माझ्या टेबलावर रोज त्याच बातम्या असायच्या: टँकर आला नाही, टँकरच्या पाण्याने जुलाब लागले, अमक्या वाडीतले लोक रुग्णालयात. अशा बातम्या तपासून तपासून माझ्या मनात पाण्याची धास्ती बसली होती. घरातून निघतानाच मी आईला बजावलं, "माय, तिथलं पाणी प्यायचं नाही. सीलबंद बाटली असेल तरच. कुणी कितीही प्रेमाने दिलं तरी नाही."

"मला कुठं लई लागतं पाणी," ती म्हणाली.

ते खरं होतं. घरी ती तांब्याभर पाण्यात दिवस काढायची. प्रवासात तर तेवढंही प्यायची नाही, कारण बस कुठे थांबेल आणि थांबली तर आडोसा असेल की नाही, याचा भरवसा नसे. आमच्याकडच्या सगळ्याच बायका असा प्रवास करतात. मला त्यात वेगळं काही दिसलं नाही.

त्या देशात पोचल्यापासून मी घाबरलेला होतो, हे मान्य करायला हवं. बाजारात परातींमध्ये तळलेले टोळ रचून ठेवलेले असत. माशांच्या सडवलेल्या पेस्टचा वास जेवणाच्या आधी येऊन पोचायचा. भाषा कळत नव्हती, पाटी वाचता येत नव्हती. ताटात जे येई ते मी चमच्याने उलटंसुलटं करून बघायचो. काय आहे ते कळलं नाही, तर भातावर भागवायचो.

आई घाबरत नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती आणि खडी फोडायला जायची. तिथे मजुरांना सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा कोरडा खाऊ, मिळायची. रेशनला परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापली की चिरायची. घरात तेही संपलं की रानातला तरोटा आणि बरबड्याचं बी. "परदेशाचं आन्न मी तुझ्या आधी खाल्लंय," ती मला म्हणायची, "तवा तर इमानबी लागलं न्हाई."

तिच्या शेजारच्या सीटवर हिमायतनगरच्या एक मावशी होत्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. नात्याच्या नव्हेत, पण दुसऱ्याच दिवसापासून दोघी एका डब्यातली चटणी खाऊ लागल्या. मावशींना माझी ताट तपासण्याची पद्धत फार आवडली होती. "काय बघून राहिला रे भाऊ त्यात? बातमी हाय का?" असं त्या रोज विचारायच्या आणि आई तोंडाला पदर लावायची.

यात्रेच्या पाचव्या दिवशी आम्ही मंडालेच्या वाटेवर होतो. त्या रस्त्यावर ठिकठिकाणी छोटी छप्परं आणि त्याखाली पाण्याची मडकी ठेवलेली असतात, वाटसरूंसाठी. झाकण, वर पेला. एका ठिकाणी बस थांबली तेव्हा आई त्या मडक्यांपाशी गेली. तिने पेला उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. तिने पेला पालथा ठेवला आणि परत आली. "गार हाय लई," एवढंच म्हणाली. तिच्या पिशवीतली लिटरची विकतची बाटली तेव्हा अर्धीही संपलेली नव्हती. ती सकाळी उघडलेली होती.

दुपारचं जेवण वाटेवरच्या एका गावातल्या विहारात होतं. गावातल्या एका कुटुंबाने आमच्या यात्रेसाठी अन्नदान केलं होतं. बसक्या गोल मेजांभोवती आम्ही मांडी घालून बसलो. भिक्खूंचं जेवण आधीच झालेलं होतं. ज्या कुटुंबाने जेवण दिलं ते सगळं कुटुंब भिंतीला टेकून आमच्याकडे बघत बसलं होतं. मधोमध एक म्हातारी, गालांवर चंदनासारखा पांढरट लेप, दोन्ही हात मांडीवर. आम्ही काय खातो आणि काय ठेवतो, हे ती अतिशय आनंदाने बघत होती.

भात, पातळ आमटी, एक पालेभाजी. मग त्या म्हातारीची सून प्रत्येकाच्या ताटात हाताने बिया वाढत गेली. जुन्या रुपयाच्या नाण्याहून मोठी, चपटी, मधे फुगीर अशी एकेक बी. साल काढलेली, वर तेल आणि मीठ. शिजवलेली होती की नव्हती, ते मला कळलं नाही. आमचा वाटाड्या मुक्कामाची सोय बघायला पुढे गेला होता, त्यामुळे विचारायलाही कुणी नव्हतं. वास मात्र लगेच आला. गॅसची टाकी गळते तसा.

मी एक बी तोंडात घातली आणि पाणी न पिता कशीबशी गिळली. सहा उरल्या. म्हातारी बघत होती.

आईने पहिली बी खाल्ली. "शिंगाड्यासारखं लागतं की," ती म्हणाली. "वास सोड."

"माय, मला नाही जाणार."

"ताटात टाकून उठतोस का? ती म्हातारी बघून राहिली."

"मग काय करू?"

तिने म्हातारीकडे बघून हसून मान हलवली आणि हसता हसताच माझं ताट आपल्याकडे ओढलं. लहानपणी मी दोडक्याची भाजी ठेवायचो तेव्हा ती असंच करायची. मी छत्तीस वर्षांचा होतो. सहाही बिया तिने तिच्या ताटात घेतल्या आणि एकेक करून संपवल्या. मावशी म्हणाल्या, "बाई गं, लेकाच्या वाटणीचं पुण्यबी तूच घेतलं." म्हातारी उठून आली आणि तिने आईचे दोन्ही हात धरले. आईला फार बरं वाटलं होतं, हे मला आठवतं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही आठवतं.

सुनेने पाण्याचा पेला पुढे केला. आईने माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडून पेला परत केला.

संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी ती कंबर धरून होती. बस लागली असेल, असं ती म्हणाली. जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस निघाली तेव्हा ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. मी मागच्या सीटवर होतो. साडेआठच्या सुमारास बस चहाला थांबली. सगळे उतरले, आई उतरली नाही. मावशी तिला धरून खाली उतरवून मागच्या बाजूला घेऊन गेल्या आणि दहा मिनिटांनी एकट्याच माझ्याकडे आल्या. त्यांनी मला लोकांपासून लांब नेलं. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्या हळू आवाजात बोलत होत्या.

"भाऊ, तुला सांगू नको म्हणली ती. पन मी सांगून राहिले. कालच्यापासून तिला लघवी न्हाई. आत्ता जरा झाली, वाटीभर बी न्हाई. रगत हाय त्यात."

"रक्त?"

"रगतच. मी काय पोरगी हाय का, मला कळत न्हाई? आन् तो वास येऊन राहिला. त्याच बियांचा."

मी आईकडे गेलो. एका ओट्यावर ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. चेहरा घामाने भिजला होता आणि हवा थंड होती. मी विचारलं, कुठे दुखतंय? तिने एका बाजूला कमरेवर हात ठेवला आणि तो हात खाली जांघेपर्यंत नेला. मग दुखण्याची कळ आली आणि तिने माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढा जोर असेल, हे मला माहीत नव्हतं.

बातम्यांमध्ये मी अनेकदा लिहिलेलं, दुरुस्त केलेलं एक वाक्य असतं: मूत्रपिंड निकामी होऊन उपचारादरम्यान मृत्यू झाला. ते वाक्य डोक्यात आलं आणि गेलं नाही. पाठोपाठ त्याची बातमी तयार होऊ लागली. यात्रेकरू महिला. वय छप्पन्न. ती लातूरच्या पानावर जाईल की नांदेडच्या, हाही प्रश्न पडला. मी मनाला थांबवू शकलो नाही.

गुरुजींना सांगितलं. ते भले गृहस्थ होते, पण पस्तीस जणांची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यांनी घड्याळ पाहिलं. "चार तासांत मंडाले येतं. तिथं मोठी रुग्णालयं आहेत. इथं आडगावात कुठं शोधायचं? तोवर लिंबू-पाणी देऊ. उन्हाळी लागली असेल."

"गुरुजी, चार तास ती काढेल का?"

"घाबरू नका हो. तुम्ही पेपरवाली माणसं लगेच शेवटच्या टोकाला जाता."

हे बोलणं चालू होतं तेव्हा ड्रायव्हर जवळ आला. तो तिथलाच माणूस, मधल्या वयाचा, त्याला आमचं काही कळत नव्हतं आणि आम्हाला त्याचं. त्याने आईकडे पाहिलं. तो थोडा वाकला, हवेत वास घेतला आणि सरळ झाला. मग त्याने अंगठा आणि तर्जनी जोडून बीच्या आकाराचं गोल करून मला दाखवलं. "दन्यिन?" त्याने विचारलं.

मी मान डोलावली. काल दुपारी, असं हातांनी सांगायचा प्रयत्न केला.

त्याने आईच्या ओटीपोटाच्या दिशेला बोट केलं आणि दोन्ही हातांची फुली केली. बंद. म्हणजे या माणसाला हे ठाऊक होतं. या देशात हे सगळ्यांना ठाऊक असणार, आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं. मी पाण्याबद्दल विचारलं होतं, माशांच्या पेस्टबद्दल विचारलं होतं. त्या बियांबद्दल कुणालाच काही विचारलं नाही.

ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. लोक अर्धे चहाचे पेले टाकून धावत आले. गुरुजी काही म्हणत होते, पण त्याने बस आलेल्या रस्त्याने उलटी वळवली.

वीस-पंचवीस मिनिटांवर एक तालुक्यासारखं गाव होतं आणि तिथे एक बैठं रुग्णालय. डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांना इंग्रजी येत होतं, माझ्यापेक्षा सावकाश पण बरोबर. त्यांनी आईला खाटेवर घेतलं, कंबर दाबून पाहिली, डोळे पाहिले, आणि पहिला प्रश्न विचारला: किती खाल्ल्या?

मी आईला विचारलं, "माय, किती बिया खाल्ल्या म्हणून विचारतायत."

तिने कळ जाऊ दिली. मग म्हणाली, "पाच-सहा सांग."

मला आकडा माहीत होता. आकडे लक्षात राहतात, तो माझा धंदाच आहे. तिच्या ताटात आठ होत्या आणि माझ्यातल्या सहा गेल्या होत्या. मी तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. मावशी तिच्या पायांपाशी उभ्या होत्या, त्यांनाही माहीत होतं, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी काय सांगणार, ते फक्त मलाच कळणार होतं.

मी डॉक्टरांना सांगितलं, पाच किंवा सहा.

त्यांनी लिहून घेतलं. कच्च्या की उकडलेल्या? माहीत नाही. बरोबर पाणी किती प्यायल्या? मी म्हणालो, थोडं. त्या म्हणाल्या, ठीक, आधी रक्त तपासू, मग बघू. आणि बाहेर गेल्या. नर्सने सलाईनची सुई शोधायला घेतली. आईच्या हातावरची शीर सापडत नव्हती. तीनदा टोचलं.

मी बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. बस फाटकापाशी उभी होती आणि गुरुजी लोकांना काही समजावत होते. ती जी वीस मिनिटं मी म्हणतो ती हीच. मी स्वतःला सांगत होतो की पाच काय, चौदा काय, उपचार तोच असणार. मग हेही सांगत होतो की तो तसाच असेल हे मला माहीत नाही. आकडा चुकीचा असला तर पूर्ण बातमी चुकीची ठरते, हे मी कचेरीतल्या नव्या पोरांना शिकवत असे. आणि इथे माझ्या एका आकड्यावर त्या बाई औषध किती द्यायचं आणि किती वाट बघायची, हे ठरवणार होत्या. खरा आकडा सांगितला तर पुढचा प्रश्न काय येईल, याची मला भीती होती. एवढ्या कशा खाल्ल्या? मग सांगावं लागलं असतं की सहा माझ्या होत्या. एवढ्यासाठी मी वीस मिनिटं थांबलो. दुसरं कारण नव्हतं.

आतून आईचा आवाज आला. ओरडली नाही ती. दात आवळून श्वास सोडल्यासारखा आवाज होता. मी धावत डॉक्टरांच्या खोलीत गेलो.

"चौदा," मी म्हणालो. "पाच-सहा नाही. मी चुकीचं सांगितलं. चौदा खाल्ल्या. त्यांतल्या सहा माझ्या ताटातल्या. आणि कालच्या सकाळपासून तिने अर्धा लिटरही पाणी प्यायलेलं नाही, कारण मी तिला पिऊ दिलं नाही."

त्यांनी पेन उचललं, आधीचा आकडा खोडला, नवा लिहिला. पाण्याचंही लिहिलं. चेहरा बदलला नाही. मग मला समोर बसवून सांगितलं: या बीतलं एक द्रव्य लघवीत जातं, पाणी कमी असलं की त्याचे सुईसारखे खडे होतात, आणि ते मूत्रपिंडात आणि नळीत अडकतात. सलाईन आणि सोडा देऊ. पाणी पाजा, जितकं जाईल तितकं. संध्याकाळी पाचपर्यंत लघवी सुटली नाही, तर इथे ठेवता येणार नाही, मंडालेला मशीनवर न्यावं लागेल. वाटेत काय होईल ते मी सांगू शकत नाही.

तेव्हा सव्वादहा वाजले होते.

गुरुजी बस घेऊन पुढे गेले. त्यांना जावंच लागलं. जाताना ते आईच्या खाटेपाशी उभे राहून त्रिशरण म्हणाले. मावशींची पिशवी बसमधून खाली आली होती. "मी कुठं चाल्ले," त्या म्हणाल्या. "देऊळ काय, विहार काय, जागच्या जागी ऱ्हातंय. ही बाई ऱ्हाईल का मी गेल्यावर?"

नर्सने स्टीलच्या पेल्यात सोडा घातलेलं पाणी आणलं. आईने पेला हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पिऊ का?" तिने विचारलं.

मावशींनीच पेला तिच्या तोंडाला लावला.

पण तिला जात नव्हतं. दोन घोट घ्यायची आणि थांबायची. वर्षानुवर्षं तिने घसा तसाच वळवून ठेवला होता. मावशी खाटेच्या कडेवर बसल्या. "पी की गं. इथं काय टँकरची वाट बघायची हाय का? नळ हाय त्यो बघ, चोवीस तास."

"घशाखाली उतरून न्हाई राहिलं."

"लातूरवाल्यांचं हेच. पानी न्हाई म्हनून बोंबलायचं, आन् दिलं तर पीत न्हाई."

आई हसली आणि त्या हसण्यानेच कळ उठली. तिने मावशींचा हात धरला. मी भिंतीकडे तोंड केलं.

साडेअकरा. एक. अडीच. मी वेळा लिहून ठेवत होतो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. पेले मोजत होतो. बारा, तेरा. दोनदा मावशी भांडं घेऊन पडद्याआड गेल्या आणि दोनदा रिकामं घेऊन आल्या. आईच्या पापण्या सुजल्या होत्या. तिला मळमळत होतं, प्यायलेलं निम्मं बाहेर यायचं, आणि मावशी पुन्हा पेला भरायच्या. दुसऱ्या गावी नोकरीला असलेल्या धाकट्या भावाला फोन लावायचा मी दोनदा ठरवलं आणि लावला नाही. त्याला काय सांगायचं हे ठरत नव्हतं. काही झालं तर तिला इथून लातूरला कसं न्यायचं, किती कागद लागतील, हे मी चक्क आठवू लागलो होतो; अशी एक बातमी मी कधीतरी केली होती.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी पडद्याआडून मावशी बाहेर आल्या. भांड्यात बोटभर होती. काळ्या चहासारखी, तळाशी बारीक रव्यासारखं काही. डॉक्टरांनी भांडं उजेडाकडे नेऊन पाहिलं. "सुरू झालं," त्या म्हणाल्या, "पण पुरेसं नाही." मी विचारलं, पुरेसं म्हणजे किती? त्यांनी भांड्यावरच्या एका रेघेवर नख ठेवलं. रेघ बरीच वर होती.

साडेचारला पुन्हा. या वेळी आई पडद्याआड ओरडली, त्या दिवसात पहिल्यांदाच. मावशी तिला म्हणत होत्या, "जाऊ दे, जाऊ दे, ओरड, कुनाला कळतं इथं मराठी!" मग बराच वेळ काही नाही. मग मावशी आल्या. भांडं दोन्ही हातांनी धरलं होतं. रंग अजून लालच होता. पण रेघ ओलांडलेली होती.

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. पाचला दहा कमी. "आज नेत नाही," त्या म्हणाल्या. "उद्याचं रक्त बघू."

दुसऱ्या दिवशीचं रक्त आदल्या दिवसापेक्षा वाईट आलं. तिसऱ्या दिवशीचं थोडं बरं. आई बरी होते आहे असं नर्सा खुणांनी सांगत, आणि मला ते पटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने मला जवळ बोलावलं. "त्या बाईला तू इंग्रजीत फोर्टीन म्हणलास," ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"मावशी दारात उभी हुती. अंगणवाडीत आकडे तिनंबी शिकवलेत." मग ती म्हणाली, "काहून म्हणलास? परक्या देशात, परक्या बाईला सांगतोस, माझ्या पोरानं दान दिलेलं ताटात टाकलं म्हणून?"

यासाठी तिने पाच-सहा सांगितलं होतं. मला वाटलं होतं, मला वाचवण्यासाठी. तिला लाज वाटत होती ती माझ्या उष्ट्या ताटाची. मूत्रपिंड त्या हिशेबात कुठेच नव्हतं. ती रागावली होती आणि राग खरा होता.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी जायला परवानगी दिली. निघताना आई म्हणाली, "त्यांना इचार. हे लोक रोज खातात म्हणं. मग यांना कसं काय होत न्हाई?"

मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, होतं. काहींना दहा खाऊन काही होत नाही, काहींना एकीने होतं. आज ज्याला झालं नाही त्याला पुढच्या महिन्यात होऊ शकतं. आधी कुणालाच सांगता येत नाही.

हे मी आईला सांगितलं. तिने पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाली, "मग ती म्हातारी? तिनं तर आपल्या हातानं वाढलं. तिला कुणी सांगू नगा मला काय झालं ते."

गाडी आली होती. तिने थांबायला सांगितलं आणि मावशींचा हात सोडून एकटीच व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या संडासाकडे गेली. चालताना एक हात भिंतीवर होता. दार लागलं. मी तिच्या मागे जाऊन दारापाशी उभा राहिलो.

आत काही ऐकू आलं नाही. मी घड्याळ पाहिलं.

"कोण हाय?" आतून तिचा आवाज आला. "तू हायस का रे? जा की तिकडं. बायकांच्या दारात काय उभा राहिलास? लोकं बघून राहिली असतील."

लोक बघत होते. मी हललो नाही. अर्धं मिनिट झालं, मग आणखी थोडं. मग धार पडल्याचा आवाज आला, थांबला, आणि पुन्हा आला.